ताडपत्र, ताम्रपत्र आणि संगणक
श्रुतरक्षणाच्या सामुदायिक कार्याचा इतिहास व त्यापासून घ्यावयाचा बोध

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी आणि शिक्षणाने वाणिज्य शाखेचा पदवीधर. आगमशास्त्रावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही, याची मला नम्र जाणीव आहे. तथापि गेली अनेक वर्षे ट्रस्टच्या हिशेबाचे काम पाहताना मंदिरातील शास्त्राच्या कपाटाची किल्लीही माझ्याकडे राहिली. त्या कपाटातील पोथ्यांची आज संगणकीय छायाचित्रे काढावीत, असा प्रस्ताव आपल्यापुढे आला आहे. एक विद्यापीठ, एक संशोधन संस्था आणि अनुदान देणारे एक खाते असे तिघे त्यात आहेत; चौथे आपण. निर्णय घेण्यापूर्वी समाजाने या कामाचा पूर्वेतिहास जाणून घ्यावा, या हेतूने हा लेख लिहीत आहे. त्याच्या उत्तरार्धात माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुलीही द्यावयाची आहे.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण श्रुतपंचमी साजरी करतो. आचार्य धरसेनांपासून मिळालेले ज्ञान आचार्य पुष्पदंत आणि भूतबली यांनी षट्खंडागमाच्या रूपाने ग्रंथबद्ध केले आणि त्या ग्रंथाची पूजा या तिथीला झाली, अशी आपली परंपरा सांगते. मुखोद्गत ज्ञान क्षीण होत चालले आहे, तेव्हा ते लिहून ठेवावे, हा विचार त्यामागे होता. म्हणजे एका साधनावर विसंबता येत नाही असे दिसताच दुसरे साधन स्वीकारणे, हे आपल्या पूर्वाचार्यांनीच घालून दिलेले उदाहरण होय. कंठातून ताडपत्रावर, ताडपत्रावरून कागदावर, कागदावरून छापखान्यात आणि आता संगणकात, असा हा प्रवास आहे.

मूडबिद्रीची ताडपत्रे

षट्खंडागमावर आचार्य वीरसेनांनी लिहिलेली धवला टीका इ.स. ८१६ मध्ये पूर्ण झाली असे मानले जाते. तिचे प्रमाण ७२ हजार श्लोकांइतके आहे. कषायपाहुडावरील जयधवला टीका वीरसेनांनी आरंभिली आणि त्यांचे शिष्य जिनसेन यांनी इ.स. ८३७ मध्ये पूर्णत्वास नेली. तिचे प्रमाण ६० हजार श्लोकांचे. हे सिद्धांतग्रंथ आणि त्यांसोबत महाबंध, जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रांवर, दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत शतकानुशतके सुरक्षित राहिले. यात्रेकरूंना त्यांचे दर्शन घडे, पूजा होई. परंतु वाचन जवळजवळ थांबले होते. इतर कोठेही त्यांची प्रत उरली नव्हती. एक आग, एक गळके छप्पर, किंवा वाळवीचा एक पावसाळा, एवढ्यावर जैन सिद्धांताचे मूळ धन अवलंबून होते.

सन १८८३ मध्ये मुंबईचे दानवीर सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी संघ घेऊन मूडबिद्रीस गेले. ताडपत्रांची जीर्ण अवस्था पाहून त्यांना चिंता वाटली. त्यांनी सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना कळविले. हिराचंदजींचे नाव आपल्या भागात नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. ‘जैन बोधक’ हे नियतकालिक त्यांनी १८८४ मध्ये सुरू केले. उद्योगपती वालचंद हिराचंद हे त्यांचेच पुत्र. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री ही लिपी वाचू शकतात, असे कळल्यावर हिराचंदजी त्यांना सोबत घेऊन मूडबिद्रीस गेले आणि अनेक वर्षांनी त्या बसदीत त्या अक्षरांचा उच्चार झाला.

प्रत करून घ्यावी असा विचार लगेच झाला, पण प्रत्यक्ष आरंभास दहा-बारा वर्षे गेली. समाजातून वर्गणी जमवावी लागली. मूडबिद्रीचे भट्टारक व पंच यांची संमती मिळवावी लागली. योग्य लेखक शोधावे लागले. अखेर १८९६ च्या सुमारास ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती शास्त्री यांनी लेखन सुरू केले. मध्येच ब्रह्मसूरी शास्त्रींचे निधन झाले. गजपती शास्त्रींनी पुढे अनेक वर्षे चिकाटीने काम चालविले. महाबंधाची देवनागरी प्रत लोकनाथ शास्त्रींनी १९२२ मध्ये पुरी केली. एकंदर सुमारे २६ वर्षे आणि सुमारे २० हजार रुपये या कामी लागले. त्या काळचे २० हजार रुपये म्हणजे काय, हे व्यापारी बांधवांना सांगावयास नको.

आजच्या भाषेत हा अनुदानावर चाललेला, अनेक संस्थांच्या भागीदारीचा प्रकल्पच होता. वस्तू मूडबिद्रीची, पैसा मुंबई-सोलापूरचा, विद्या श्रवणबेळगोळ आणि मिरजेची. आणि अशा प्रत्येक प्रकल्पात जो प्रश्न आज ना उद्या उभा राहतो, तो तेथेही उभा राहिला : तयार झालेली प्रत कोणाची?

करार आणि त्याचा भंग

मूडबिद्रीकरांची अट स्पष्ट होती. प्रत तयार होईल, पण ती मूडबिद्रीबाहेर जाणार नाही. पैसा देणाऱ्यांनी ही अट मान्य केली होती. त्यामुळे २६ वर्षांनंतरही परिस्थिती अशी राहिली की एकाच्या जागी दोन-तीन प्रती झाल्या, परंतु सर्व एकाच गावात, एकाच छपराखाली. जाणत्या माणसाला हे खटकल्यावाचून कसे राहील? ते गजपती शास्त्रींना खटकले. त्यांनी दिवसा ठरलेले लेखन करावे आणि गुप्तपणे, आपल्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने, आणखी एक कन्नड प्रत तयार करावी, असा क्रम चालविला. ती प्रत घेऊन ते सोलापूरला हिराचंदजींकडे आले व योग्य मोबदला देऊन ती ठेवून घ्यावी, अशी त्यांनी विनंती केली.

हिराचंदजींनी नकार दिला. ज्या ग्रंथासाठी त्यांनी आयुष्याचा मोठा काळ आणि पैसा वेचला, तोच ग्रंथ दारात आलेला असताना त्यांनी तो परत केला. मूडबिद्रीच्या पंचांना दिलेला शब्द मोडणे त्यांना मान्य नव्हते. पुढे ती प्रत सहारनपूरचे लाला जंबूप्रसाद यांनी विकत घेतली. तेथे तिचे देवनागरीत लिप्यंतर सुरू झाले. ते काम करणारे सीताराम शास्त्री यांनीही स्वतःसाठी एक प्रत गुपचूप करून ठेवली, आणि त्या प्रतीवरून उतरलेल्या प्रती आरा, कारंजा, अमरावती अशा अनेक ठिकाणी पोहोचल्या.

या प्रसंगाचा मी अनेकदा विचार केला आहे. हिराचंदजी बरोबर की गजपती शास्त्री? व्यापारी म्हणून माझे मन हिराचंदजींच्या बाजूने जाते. शब्द हीच आमची पत. परंतु हेही नाकारता येत नाही की आज धवला आपल्या घरात छापील रूपाने आहे, ती त्या गुप्त प्रतीच्या वंशावळीतूनच आली. मला यातून दोन्ही पक्षांपलीकडचा एक निष्कर्ष निघतो असे वाटते. मूळ करारातच उणीव होती. ग्रंथ जपण्याची तरतूद त्यात होती. ग्रंथ अभ्यासकापर्यंत पोहोचविण्याची तरतूद नव्हती. जेथे सरळ वाट ठेवलेली नसते तेथे आडवाट निर्माण होते. करार करणाऱ्यांनी ही गोष्ट आधीच विचारात घेतली असती, तर एका सज्जनाला नकार देण्याची आणि दुसऱ्या सज्जनाला चोरून लिहिण्याची वेळ आली नसती.

अमरावतीचे कार्य

यानंतरचा अध्याय आपल्या महाराष्ट्रात घडला. विदर्भातील कारंजा येथील शास्त्रभांडारे पूर्वीपासून प्रसिद्ध होती. तेथील अपभ्रंश ग्रंथ कारंजा जैन ग्रंथमालेतून प्रकाशात आले. या ग्रंथांवर परिश्रम घेणारे डॉ. हिरालाल जैन हे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. भेलसा, म्हणजे आजची विदिशा, येथील श्रीमंत सेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांच्या दानातून जैन साहित्योद्धारक फंड उभा राहिला आणि धवलेच्या संपादनाची जबाबदारी प्राध्यापकांवर आली.

या कामाची मांडणी पाहण्यासारखी आहे. अमरावती, कारंजा, आरा व सहारनपूर येथील प्रती ताडून पाहिल्या गेल्या. पंडित फूलचंद्र सिद्धांतशास्त्री व पंडित हिरालाल सिद्धांतशास्त्री यांचे साहाय्य होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचा सल्ला होता. पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून प्रकाशित झाला आणि १९५८ पर्यंत १६ भाग पूर्ण झाले. महाबंधाचे सात भाग भारतीय ज्ञानपीठाने १९४७ ते १९५८ या काळात काढले. जयधवलेचे १६ भाग मथुरेच्या भारतवर्षीय दिगंबर जैन संघाने १९४४ मध्ये सुरू केले, ते १९८८ मध्ये पूर्ण झाले. धवलेच्या सुधारित आवृत्त्या पुढे आपल्या सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने काढल्या. ज्या सोलापुरातून पहिला पैसा गेला होता, तेथेच ग्रंथ छापील रूपाने परत आला, हा योगायोग मनाला समाधान देणारा आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद करावीशी वाटते. प्रकाशन सुरू झाल्यावर मूडबिद्रीच्या भट्टारकांनी व पंचांनी आपली पूर्वीची भूमिका सोडली आणि मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास मनःपूर्वक सहकार्य दिले. त्याचे महत्त्व एका शब्दावरून कळते. सत्प्ररूपणेच्या ९३ व्या सूत्रात ‘संजद’ हा शब्द असावयास हवा, असे संपादकांना अर्थाच्या संगतीवरून वाटले. पण हाती असलेल्या प्रतींत तो नव्हता. त्यांनी तशी टीप दिली. पुढे मूळ ताडपत्र पाहिले तेव्हा तो शब्द तेथे आढळला. या शब्दावरून समाजात मोठा वाद झाला. तो येथे पुन्हा उगाळण्याचे प्रयोजन नाही. माझा मुद्दा इतकाच की प्रतीवरून प्रत, तिच्यावरून पुन्हा प्रत असे होत असता एक शब्द गळाला, आणि त्याचा निवाडा करण्यास अखेर मूळ पानच कामी आले. मूळ पानाचे निर्दोष छायाचित्र असणे का आवश्यक आहे, याला याहून मोठा पुरावा मी देऊ शकत नाही.

ताम्रपत्रे

याच काळात चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांच्या कानी आले की महाबंधाच्या ताडपत्रांचा काही भाग किड्यांनी नष्ट केला आहे. सिद्धांतग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरून ठेवावेत, अशी प्रेरणा त्यांनी दिली. त्यासाठी जिनवाणी जीर्णोद्धारक संस्था स्थापन झाली, समाजाने मुक्तहस्ते दान दिले आणि ती ताम्रपत्रे आज फलटण येथे जतन केलेली आहेत. सन १९५५ मध्ये कुंथलगिरी येथे महाराजांची सल्लेखना झाली, त्यापूर्वी त्यांनी मार्गी लावलेल्या कार्यांपैकी हे एक मोठे कार्य होय. ताडपत्राला कीड लागते. तांब्याला लागत नाही. साधन बदलले, हेतू तोच राहिला.

सूक्ष्मचित्रफितीपासून संगणकापर्यंत

श्वेतांबर परंपरेतही याच सुमारास असेच कार्य झाले. मुनिश्री पुण्यविजयजी १९५० च्या सुमारास जेसलमेरच्या किल्ल्यातील ज्ञानभांडारात राहिले, तेथील ताडपत्रांची सूची केली आणि महत्त्वाच्या ग्रंथांच्या सूक्ष्मचित्रफिती करविल्या. पुढे मुनिश्री जंबूविजयजींनी पाटण व जेसलमेर येथील ग्रंथांची छायाचित्रे व संगणकीय प्रती करण्याचे काम हाती घेतले. सन २००९ मध्ये विहार करीत असताना रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. गांधीनगरजवळ कोबा येथील ज्ञानमंदिराने आपल्या प्रचंड संग्रहाची संगणकावर सूची केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जैन हस्तलिखितांचा मोठा शासकीय संग्रह आहे. ५ जानेवारी २००४ रोजी त्या संस्थेवर हल्ला झाला, तेव्हा मोठ्या संस्थेच्या भिंतीही पुरेशा नसतात, हे सर्वांनी पाहिले.

त्याआधी, फेब्रुवारी २००३ मध्ये, केंद्र शासनाने राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले होते. देशभरातील संस्थांना केंद्रे म्हणून निवडून सर्वेक्षण, जतन आणि संगणकीय प्रती ही कामे वाटून देण्यात आली. सन २०२५ च्या अर्थसंकल्पात याच कार्यासाठी ‘ज्ञानभारतम्’ मिशनची घोषणा झाली आणि एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे लक्ष्य ठेवण्यात आले. खासगी संग्राहकांचाही त्यात उल्लेख आहे. म्हणजे आपल्यासारख्या लहान ट्रस्टच्या कपाटापर्यंत हा विषय आलेला आहे.

परदेशातील दोन उदाहरणे सांगण्याजोगी आहेत. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ जैनॉलॉजीने पुढाकार घेऊन ब्रिटिश लायब्ररीतील जैन हस्तलिखितांची तीन खंडांची सूची २००६ मध्ये प्रसिद्ध करविली. पॅरिसच्या विदुषी नलिनी बलबीर या तिच्या प्रमुख कर्त्यांपैकी होत. त्यानंतर ‘जैनपीडिया’ हा प्रकल्प झाला. तेथील हेरिटेज लॉटरी फंडाचे अनुदान, ब्रिटिश लायब्ररी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय, बोडलियन ग्रंथालय व वेलकम यांचे संग्रह, किंग्ज कॉलेजचे तांत्रिक साहाय्य आणि जैन संस्थेचा समन्वय अशी त्याची रचना होती. प्रत्येक छायाचित्राखाली ते हस्तलिखित कोणत्या संस्थेचे आहे हे लिहिलेले असते. आधी सूची, मग छायाचित्र, हा त्यांचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

दुसरे उदाहरण ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दफ्तरांसाठीच्या योजनेचे. अर्केडिया या दानसंस्थेच्या साहाय्याने ती २००४ पासून चालू आहे. मूळ वस्तू देशाबाहेर जाणार नाही आणि छायाचित्रांची एक प्रत त्या देशातील संस्थेकडे राहील, हे तिचे पायाभूत नियम आहेत. मूडबिद्रीच्या पंचांना जी भीती होती तिचा आणि गजपती शास्त्रींना जी तळमळ होती तिचा, दोहोंचा मेळ या नियमांत दिसतो.

माझी चूक

आता आपल्या गावाकडे येतो. सुमारे २० वर्षांपूर्वी आपल्या पोथ्यांचीही छायाचित्रे काढण्यात आली होती, हे तरुण सभासदांना ठाऊक नसेल. एका संस्थेकडून पत्र आले, दोन कार्यकर्ते आले, कार्य पुण्याचे वाटले. मी त्यावेळी कोषाध्यक्ष होतो. पोथ्यांचे गठ्ठे मोटारीतून गेले आणि सुमारे चार महिन्यांनी परत आले. सोबत काही सीडी मिळाल्या. मी गठ्ठे मोजले, पोच पावतीवर सही केली आणि सीडी तिजोरीत ठेवल्या.

त्या पोथ्यांत रत्नकरंड श्रावकाचाराची एक प्रत होती. मूळ श्लोक आणि समासात मराठी अर्थ लिहिलेला. माझ्या आजीने ती पर्युषणात ऐकलेली होती. शेवटच्या पानावर ती कोणी, कोणत्या शकात आणि कोणासाठी लिहिली हे दिलेले असून त्यात आपल्या गावच्या मंदिराचा उल्लेख आहे, असे ती सांगत असे. आपल्या मंदिराच्या प्राचीनतेचा लेखी पुरावा म्हणावा तर तेवढाच. पुढे मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या वेळी तो उल्लेख पाहण्यासाठी पोथी सोडली, तेव्हा शेवटचे पान गठ्ठ्यात नव्हते. सीडी काढून संगणकात घातल्या. काही उघडल्याच नाहीत. ज्या उघडल्या त्यांतील छायाचित्रे इतकी लहान होती की अक्षर मोठे करताच फुटून जाई. त्या पोथीची सीडी न उघडणाऱ्यांपैकी होती. त्या संस्थेचे काम तोवर बंद झाले होते. ते पान तेथे राहिले, वाटेत पडले की आधीच नव्हते, हे मी आज सांगू शकत नाही. कारण पोथी देताना मी पाने मोजली नव्हती.

मी कापडाचा व्यापारी आहे. दुकानात आलेला प्रत्येक तागा मी उलगडून वार मोजून घेतो. गिऱ्हाईकाला जांगड माल देताना तोंडओळखीच्या माणसाचीही वहीत सही घेतो. आणि ज्या वस्तूची किंमतच करता येत नाही ती मी नोंद न करता जांगड दिली. दोष त्या संस्थेवर टाकून मी मोकळा होऊ शकत नाही. हे सत्य समाजापुढे ठेवण्याचे धैर्य मला इतकी वर्षे झाले नाही. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ते ठेवीत आहे आणि सर्वांची अंतःकरणपूर्वक क्षमा मागत आहे.

हिशेबाची बाजू

या अनुभवानंतर काही सभासदांचे मत असे झाले आहे की आता कोणालाही कपाट उघडूच देऊ नये. त्यांची भावना मी समजू शकतो, पण मूडबिद्रीचा इतिहास पाहता ते योग्य नाही असे मला वाटते. बंद कपाट म्हणजे सुरक्षित कपाट नव्हे. तेव्हा काम करावे, परंतु व्यवहाराच्या रीतीने करावे. त्या दृष्टीने काही सूचना मांडतो.

प्रथम आपली नोंदवही. कोणाशीही करार करण्यापूर्वी प्रत्येक पोथीचे नाव, भाषा, लिपी, पानांची संख्या, पानावरील ओळी, लेखक, शक किंवा संवत, गहाळ व फाटकी पाने यांची नोंद आपण स्वतः करावी. दुसऱ्याने केलेल्या यादीवरून आपला माल तपासता येत नाही.

दुसरे, छायाचित्रण मंदिराच्या आवारातच व्हावे. यंत्र आणणे सोपे आहे. पोथी नेणे धोक्याचे आहे. ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखिते १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात आणि देशाबाहेर नेता येत नाहीत, हेही विश्वस्तांनी ध्यानात ठेवावे.

तिसरे, लेखी करार. मूळ पोथीचा मालक कोण, छायाचित्रांचा हक्क कोणाकडे, अभ्यासकाला ती कोणत्या अटीवर मिळतील, एखादा भागीदार मध्येच गेला तर त्याच्याकडील सामग्री कोणाकडे यावी, या चार प्रश्नांची उत्तरे त्यात असलीच पाहिजेत. चार भागीदार असतील तेथे प्रत्येकाला वाटते की हे दुसरा पाहील. म्हणून प्रत्येक कामापुढे एकाच संस्थेचे नाव असावे.

चौथे, पैसा. अनुदान हप्त्याहप्त्याने येते. पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा मिळणे कठीण. मधल्या काळात छायाचित्रकाराचा पगार कोण देणार, हे आधी ठरले पाहिजे. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे अनुदानावर मिळालेले व्याजही हिशेबात दाखवावे लागते. म्हणून खाते स्वतंत्र असावे. पैसा परदेशातून येणार असेल तर परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेने दुसरीला देण्यास मनाई आहे. भागीदारीच्या प्रकल्पात ही अट न पाहिल्यास धर्मकार्य करता करता विश्वस्त अडचणीत येतील.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, अनुदान संपल्यानंतरचा खर्च. छायाचित्रण हा एकदाचा खर्च आहे. सांभाळ हा दरवर्षीचा. उदाहरण घ्या. ५०० पानांची पोथी म्हणजे दोन्ही बाजूंची १००० छायाचित्रे. मूळ दर्जाचे एक छायाचित्र ७० मेगाबाइटचे धरले तर एका पोथीला ७० गिगाबाइट जागा लागते, आणि तीन ठिकाणी प्रती ठेवल्या तर २१०. ती साधने काही वर्षांनी निकामी होतात. दरवर्षी उघडून तपासली नाहीत तर त्यांची गत आपल्या सीडीसारखी होते. अनुदान देणारे सहसा पहिला खर्च देतात, दुसरा देत नाहीत. त्यासाठी ट्रस्टने एक कायम ठेव वेगळी काढावी आणि तिचे व्याज याच कामी खर्च करावे, अशी माझी सूचना आहे. तीन प्रतींपैकी एक परगावी असावी. मूडबिद्रीची मूळ अडचण हीच होती की सर्व प्रती एका छपराखाली होत्या.

जाता जाता माझ्या धंद्यातील एक गोष्ट. पोथ्यांची वेष्टने पुष्कळदा नव्या कोऱ्या कापडाची केली जातात. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते आणि खळ हे किड्यांचे अन्न आहे. कापड गरम पाण्यात दोनदा धुऊन, पूर्ण वाळवून मगच वापरावे. रंगीत कापड घेतल्यास ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. रंग सुटत असेल तर ते पोथीला लावू नये. या वर्षीच्या सर्व वेष्टनांचे कापड असे धुऊन देण्याची सेवा माझ्या दुकानाकडून स्वीकारावी, ही विनंती.

समारोप

हिराचंदजींनी शब्द पाळला, गजपती शास्त्रींनी ग्रंथ वाचविला, डॉ. हिरालालजींनी तो सर्वांच्या हाती दिला आणि शांतिसागर महाराजांनी तो तांब्यावर कोरविला. या चौघांनाही आपापल्या परीने एकच चिंता होती : माझ्यानंतर हे राहील का? आपल्या ट्रस्टच्या ५० वर्षांच्या हिशेबात धर्मशाळा आहे, पाठशाळा आहे, जीर्णोद्धार आहे. श्रुतरक्षणाच्या खात्यावर मात्र जमेपेक्षा नावे बाजू मोठी आहे, आणि त्यातील एक रक्कम माझ्या नावावर आहे.

येत्या श्रुतपंचमीला पूजा झाल्यावर आपण सर्वांनी मंदिरात बसून पोथ्या सोडाव्यात आणि पानन् पान मोजून नोंद करावी, असा माझा प्रस्ताव आहे. पाठशाळेतील मुलांनी अंक सांगावेत, मोठ्यांनी वहीत लिहावेत. ज्यांच्या घरी जुनी पोथी किंवा सुटे पान असेल त्यांनी ते त्या दिवशी घेऊन यावे. कोणी सांगावे, त्या श्रावकाचाराचे शेवटचे पान गावातल्याच एखाद्या जुन्या पेटीत असेल. वही भरल्यावर, आणि त्यानंतरच, करारावर सही करण्यास मी ट्रस्टला संमती देईन.

लेखात काही न्यूनाधिक लिहिले गेले असल्यास सुज्ञ वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी.

जय जिनेंद्र.